बडोदेकरांनी आणलेला खय्याम

उमर खय्याम म्हटलं की अजूनही सुरई, पेला आणि साकी एवढंच डोळ्यांपुढे येतं. मराठीत तरी असं व्हायला नको होतं. बडोद्यात जन्मलेले माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फार्शीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश निघाला, १९२९ साली मूळ फार्शीवरून 'उमरखय्यामकृत रुबाया', आणि दोनच वर्षांनी फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या'. आपल्या गप्पांत नाव निघतं ते मात्र बहुधा 'द्राक्षकन्ये'चंच.

दोन्हींतला फरक भाषेपुरता नाही. फार्शी संग्रहांत रुबाया यमकाच्या शेवटच्या अक्षरानुसार लावलेल्या असतात. प्रत्येक रुबाई चार ओळींत सुरू होऊन तिथंच संपते. एकीत देवाशी भांडण, शेजारच्या दुसरीत पश्चात्ताप. फिट्झजेराल्डने १८५९ साली त्यांतल्या काही निवडल्या, काही एकमेकींत मिसळल्या आणि पहाटेपासून चंद्रोदयापर्यंत एक दिवस गुंफला. काव्य म्हणून ते सुंदरच आहे! पण 'प्या आणि विसरा' हे सलग तत्त्वज्ञान त्या गुंफणीतून आलं. त्याच्या हाताशी असलेली मुख्य हस्तप्रतही १४६० ची, खय्यामच्या मृत्यूनंतर तीनशेहून अधिक वर्षांची. यातल्या कितीतरी रुबाया इतर कवींच्या नावावरही सापडतात.

खय्यामचं म्हणून खात्रीने सांगता येतं ते त्याचं गणित. निशापूरचा हा माणूस (१०४८–११३१) सुलतान मलिकशाहच्या पदरी इस्फहानला आकाश मोजत बसला. १०७९ ची जलाली कालगणना त्यातूनच आली. बीजगणितात त्याने घनसमीकरणांचे १४ प्रकार पाडले आणि शांकवांच्या छेदांनी ते सोडवले. अंकगणिती रीत मात्र आपल्याला साधली नाही, पुढे येणाऱ्या कुणाला कदाचित साधेल, असं त्याने लिहून ठेवलं. ती साधली सोळाव्या शतकात, इटलीत.

रुबायांतलं 'कळत नाही' मला याच हाताचं वाटतं. मोजता येईल तेवढं मोजून झाल्यावरचं ते आहे, पेल्यात तोंड लपवणाऱ्याचं नव्हे. म्हणून माझ्या मते १९२९ चं पुस्तक आधी वाचावं. जुन्या ग्रंथालयात मिळालंच तर सलग वाचू नका. कुठलंही पान उघडा, एक रुबाई वाचा, मिटून ठेवा; पुढचीशी तिचं नातं शोधायला जाऊ नका.