‘सक्षमीकरण’ आणि ‘अखत्यार’ : मुस्लिम स्त्रीविषयक संशोधन व प्रशिक्षण यांची चिकित्सा

प्रस्तावना

भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या समितीचा ‘समानतेकडे’ हा अहवाल १९७४ साली आला. त्याच वर्षी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या अभ्यासाला पाठबळ दिले. १९९८ मध्ये हैदराबाद येथे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा स्त्रीशिक्षणावर भर देण्याचा उद्देश त्याच्या कायद्यातच नमूद झाला. तथापि या सर्व काळात मुस्लिम स्त्रीचा विचार प्रामुख्याने तलाक, पोटगी आणि पडदा या तीन विषयांपुरताच झाला. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर तर ती न्यायालयीन वादाचा विषय म्हणूनच ओळखली जाऊ लागली. तिची शाळा, तिची मजुरी, तिचे रेशनकार्ड याविषयी विश्वसनीय माहिती फारशी उपलब्ध नव्हती.

ग्रंथाचे योगदान

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे झोया हसन आणि रितू मेनन यांचा ‘अनइक्वल सिटिझन्स’ (ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २००४) हा ग्रंथ होय. २०००-२००१ मध्ये १२ राज्यांतील ४० जिल्ह्यांत ९,५४१ मुस्लिम व हिंदू स्त्रियांच्या मुलाखती घेऊन तो सिद्ध झाला. शाळेत दाखल झालेल्या मुस्लिम मुलींपैकी आठ वर्षांचे शिक्षण पूर्ण करणाऱ्या १७ टक्क्यांहून कमी आणि उच्च माध्यमिक टप्पा पार करणाऱ्या १० टक्क्यांहूनही कमी, हा त्यातील निष्कर्ष आजही अस्वस्थ करतो.

पण ग्रंथाचे खरे मोल आकड्यांपेक्षा त्यांच्या अन्वयार्थात आहे. मागासलेपणाचे कारण धर्मात शोधण्याची सवय लेखिकांनी मोडून काढली. दारिद्र्य, प्रदेश आणि लिंगभाव यांच्या एकत्रित परिणामातून ही विषमता घडते, असे त्या दाखवितात. घरातील निर्णय आणि बाहेर जाण्याची मोकळीक या बाबतीत मुस्लिम व हिंदू स्त्रियांत जेवढा फरक आहे, त्याहून अधिक फरक उत्तर व दक्षिण भारतातील स्त्रियांत आढळतो. पाच शहरांतील मुलींच्या शिक्षणाची तुलना करणाऱ्या त्यांच्या पुढील पुस्तकातही (२००५) पालकांच्या कर्मठपणापेक्षा आर्थिक ओढाताण आणि मुलगा-मुलगी हा भेद अधिक निर्णायक ठरल्याचे दिसते. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने या विवेचनाला दुजोराच दिला. मात्र त्या सातसदस्यीय समितीत एकही स्त्री नव्हती, हेही विसरता येत नाही.

मर्यादा

ग्रंथाची पहिली मर्यादा त्याच्या विभागरचनेत आहे. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी विभागणी देशव्यापी चित्रासाठी सोयीची असते, पण सीमाभागाला ती न्याय देत नाही. अशा चौकटीत कोल्हापूरची स्त्री ‘पश्चिम’ आणि बेळगावची ‘दक्षिण’ ठरते. वस्तुतः दोघींमध्ये रोटी-बेटी व्यवहार असतो. बेळगावच्या मुलीची घरची बोली दखनी, शाळा उर्दू वा मराठी आणि कचेरीतला अर्ज कन्नड, ही तिहेरी अडचण कोणत्याच रकान्यात बसत नाही. दुसरी मर्यादा म्हणजे सर्वेक्षण स्थिती सांगते, प्रक्रिया सांगत नाही. मुलगी आठवीत शाळा सोडते हे कळते. त्याआधी घरात कोणती बोलणी झाली, आईने कोणाची बाजू घेतली, हे कळत नाही. तिसरी बाब काळाची. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुली होत्या, पण एकूण मुस्लिम विद्यार्थिसंख्या आदल्या वर्षापेक्षा घटली होती. जुने निष्कर्ष आज जसेच्या तसे उद्धृत करणे म्हणूनच योग्य नाही.

संशोधन एकीकडे, प्रशिक्षण दुसरीकडे

अधिक गंभीर प्रश्न या संशोधनाच्या उपयोगाचा आहे. अल्पसंख्याक स्त्रियांच्या नेतृत्वविकासासाठी २०१२-१३ पासून केंद्र शासनाने ‘नई रोशनी’ योजना राबविली. पुढे ती ‘पीएम विकास’ योजनेत विलीन झाली. पंचवीस स्त्रियांची तुकडी, सहा दिवसांचे अनिवासी वर्ग आणि त्यानंतर वर्षभर पाठपुरावा अशी तिची रचना होती. पाठपुराव्याची तरतूद निश्चितच स्वागतार्ह होती. परंतु अशा योजनांच्या अहवालांत ठळकपणे येते ती प्रशिक्षित स्त्रियांची संख्या. महाविद्यालयांतील शिवण, मेंदी आणि संगणक वर्गांचेही तेच होते. हजेरीपट, समारोपाचे छायाचित्र आणि प्रमाणपत्र यांवर काम संपते. फॉल-पिको शिकलेल्या मुलीचे गिऱ्हाईक कोण ठरविते, शिलाईचे पैसे कोणाच्या हाती पडतात, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

संशोधन सांगते की अडथळा परिस्थितीत आहे. प्रशिक्षण मात्र उणीव स्त्रीमध्येच आहे असे गृहीत धरते. हा विरोध शब्दांतही उमटला आहे. मराठीत ‘सक्षमीकरण’ किंवा ‘सबलीकरण’ म्हटले की स्त्री आधी अक्षम वा अबला होती असे आपोआप मान्य होते. उर्दूत ‘बाइख्तियार’ हा शब्द रूढ आहे. इख्तियार म्हणजे अधिकार, आणि मूळ अरबी अर्थाने निवडही. हाच शब्द मराठीत ‘अखत्यार’ होऊन सरकारी दप्तरात स्थिरावला. ‘ही बाब आमच्या अखत्यारीत नाही’ असे कारकून सहज म्हणतो; स्त्रीच्या अखत्यारीत काय आहे, हे मात्र विचारले जात नाही. शिवण येणे ही क्षमता झाली. शिलाईचे दर ठरविणे आणि पैसा स्वतः खर्चणे हा अखत्यार झाला. पहिलीतून दुसरा आपोआप निष्पन्न होत नाही.

समारोप

या चिकित्सेतून महाविद्यालयीन अध्यापकांना एक व्यवहार्य मार्ग दिसतो. प्रशिक्षणवर्गाच्या आरंभी आणि नंतर वर्षभराने त्याच स्त्रियांना मोजके प्रश्न विचारावेत : दवाखान्यात जाण्याचे कोण ठरविते, बँकेचे पासबुक कोणाजवळ असते, मुलीची शाळा पुढे चालू ठेवण्याच्या चर्चेत तिचे मत घेतले जाते काय? प्रश्न घरच्या बोलीत असावेत आणि उत्तरे तिच्याच शब्दांत नोंदवावीत. यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. एक वही आणि सातत्य पुरेसे आहे. हसन व मेनन यांनी देशाचा नकाशा काढला. त्यातील गल्ल्या भरण्याचे काम ज्यांना त्या गल्ल्यांची बोली येते, त्यांनाच करावे लागेल. ते झाले नाही, तर प्रमाणपत्रांची संख्या वाढत राहील आणि आठवीनंतर रिकामे होणारे बाक तसेच राहतील.