मुका विदूषक : दूरध्वनी कंपन्यांच्या जाहिरातींतील पात्रे

बोलण्याचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांची दूरचित्रवाणीवरील सर्वांत लोकप्रिय पात्रे बोलत नाहीत, ही विसंगती सहसा नजरेतून निसटते. २००३ मध्ये ‘हच’च्या जाहिरातीतून भारतीय प्रेक्षकांसमोर आलेला पग जातीचा कुत्रा मुका आहे. २००९ मध्ये आयपीएलच्या दुसऱ्या हंगामात ‘व्होडाफोन’ने आणलेले झूझू बडबडतात, परंतु त्या बडबडीला भाषा म्हणता येत नाही. या भाषाहीनतेचे विनोदाशी असलेले नाते तपासण्याजोगे आहे.

‘हच’च्या जाहिरातीचे कथानक एका वाक्यात संपते : मुलगा जाईल तेथे कुत्रा त्याच्यामागून जातो. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे उपमेय, म्हणजे संपर्कजाळे, अदृश्य आहे. त्याला देह मिळतो तो केवळ उपमानातून. एखाद्या व्यापारी संस्थेने माणसाचा अहोरात्र पाठपुरावा करावा, ही कल्पना वस्तुतः भयप्रद आहे. सुरकुतलेल्या चेहऱ्याचे इवलेसे कुत्रे तेच करू लागले की त्याला निष्ठा म्हटले जाते. महाप्रास्थानिक पर्वात युधिष्ठिरामागून चालणारे श्वान अखेरीस धर्मरूपाने प्रकट होते. येथील श्वान बोधचिन्हाच्या रूपाने प्रकट होते. धर्माने त्या सोबतीचे देयक पाठविले नव्हते, हा भेद मात्र दुर्लक्षिता येत नाही. २००७ मध्ये ‘हच’ची ‘व्होडाफोन’ झाली, तेव्हा हाच कुत्रा गुलाबी घरातून बाहेर पडून लाल घरात परतला. धनी बदलला, निष्ठेच्या मुद्रेवरची एक सुरकुतीही हलली नाही.

झूझूंची घडण अधिक गुंतागुंतीची आहे. अंडाकृती डोकी, फुगीर पोटे आणि काटकुळे हातपाय असलेली ही पांढरी पात्रे अनेकांना संगणकनिर्मित वाटली. प्रत्यक्षात त्या वेषांच्या आत नट-नट्या होत्या. जिवंत देहावर यांत्रिकता चढली की हसू उमटते, हा आंरी बर्गसाँ यांचा १९०० मधील सिद्धान्त जणू येथे शिंप्याकडून शिवून घेतला आहे. तथापि बर्गसाँ यांच्या मते हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. जाहिरातीला ते परवडत नाही. तिला हसू हवे आणि जिव्हाळाही हवा. म्हणून झूझू फजीत होतो, पण दुखावत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये वर्णिलेल्या सपाट पात्राप्रमाणे तो चटकन ओळखू येतो आणि स्मरणात राहतो. मात्र एक स्थित्यंतर येथे घडले आहे. कुत्रा हे कंपनीचे रूप होते. झूझू हे ग्राहकाचे रूप आहे. नाव, वय, जात, प्रांत, भाषा असे सारे काही पुसून उरलेला हा ग्राहक स्वतःकडे पाहून हसतो आणि आपण पुसले गेलो आहोत हे विसरतो.

या पात्रांना विदूषकाचे वारस मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ‘शाकुंतला’तील माधव्यही राजाच्या मागोमाग हिंडतो. परंतु तो कुरकुरतो. राजाच्या मृगयेच्या नादाने आपली हाडे खिळखिळी झाल्याचे गाऱ्हाणे गातो. तमाशातील गवळणीत मावशी वाट अडविणाऱ्या प्रत्यक्ष कृष्णाशी हुज्जत घालते. आश्रयदात्याची थट्टा करण्याचा परवाना हे या परंपरेतील विनोदी पात्राचे मर्म होय. वाणी गेली की हा परवानाही जातो. जाहिरातीने विदूषकाचा वेष, पोट आणि चाल उचलली. जीभ तेवढी मागे ठेवली.

यावर २०१७ मधील आशा आणि बाला यांचा प्रतिदाखला देता येईल. गोव्याच्या सहलीवर निघालेले हे वृद्ध दांपत्य भरतनाट्यमचे ख्यातनाम कलावंत शांता आणि व्ही. पी. धनंजयन यांनी साकारले. या पात्रांना नावे आहेत, वय आहे, दीर्घ सहजीवनातून आलेला मिस्कीलपणा आहे. आणि ती बोलतात. अभिनयाच्या दृष्टीने हे पात्रचित्रण निश्चितच श्रेष्ठ ठरते. तरीही त्यांच्या थट्टेचा रोख परस्परांवर आणि वार्धक्यावर राहतो. ज्या जाळ्याच्या आधारे सहल पार पडते, त्याला ती स्पर्श करीत नाही. जीभ परत मिळाली. परवाना मिळाला नाही.

२०१८ मधील विलीनीकरण आणि २०२० मध्ये आलेले ‘व्ही’ हे नाव यांनंतर ते घर पुन्हा बदलले. या घडामोडींपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : प्रेक्षकाच्या रागाची जागा घेण्यासाठी हसू आधीच पुरविले गेले, तर तक्रारीच्या विनोदाला कोठे वाव उरतो? रेंज मिळावी म्हणून गच्चीवर चढलेला, एका कानात बोट घालून ‘आवाज येतोय का?’ असे ओरडणारा ग्राहक हे या व्यवहारातील अस्सल विनोदी पात्र होय. या पात्रसृष्टीत त्याला प्रवेश नाही. कारण तो बोलतो, आणि त्याचे बोलणे ऐकू जात नाही.