हळदीच्या खटल्याचा बोध

बौद्धिक संपदेचा विषय निघाला, कीं हळदीच्या पेटंटाची कथा सांगण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. २८ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेनें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रास जखमेवर हळद लावण्याच्या कृतीचें पेटंट दिलें, डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली, आणि १९९७ मध्यें तें रद्द झालें. ह्या विजयास ‘हळदीघाटची लढाई’ असें नांव पडलें. पराक्रम मोठा, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्याचें वर्णन करणारे लेखक बहुधा जयघोषापाशींच थांबतात, हें त्यांच्या लिखाणांतील वैगुण्य होय, असें आम्हांस वाटतें.

खटला जिंकला तो कशाच्या बळावर? घरोघरच्या आजीबाईंच्या अनुभवावर खचित नव्हे. तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणें परदेशांतील नुसता वापर ग्राह्य नव्हता. छापील पुरावा लागे. परिषदेनें संस्कृत ग्रंथ काढले, भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांतील १९५३ चा निबंध पुढें ठेवला, तेव्हां दावा टिकला. शिवाय हळद भारताची आहे, असें निकालांत कोठेंहि नाहीं. ती कृति नवी नव्हे, सबब तिच्यावर कोणाचीच मक्तेदारी नाहीं, एवढाच त्याचा आशय. स्वामित्वाचा अभिमान त्यांतून काढणें हा अर्थाचा विपर्यास होय.

पुढें २०११ मध्यें अमेरिकेनें आपला नियम सुधारला. इकडे २००१ मध्यें पारंपरिक ज्ञानाचें डिजिटल ग्रंथालय हातीं घेण्यांत आलें. आयुर्वेद, युनानी व सिद्ध ग्रंथांतील योग पांच परकी भाषांत मांडून तें पेटंट-कचेऱ्यांस खुलें केलें. काम मोलाचें खरें; पण त्याचा आधार पुनः ग्रंथच! सातपुड्यांतील जाणत्याला ठाऊक असलेलें मूळ ज्या पोथींत नाहीं, त्याची वाट काय? तें गुप्त ठेवावें, तर उद्यां दुसरा कोणी तें नवें म्हणून नोंदवील. उघड करावें, तर कारखानदार फुकट नेईल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें गांवोगांव नोंदवह्या व लाभाचा वांटा अशी तोड काढली आहे. मात्र ह्या वह्या केवळ सरकारी तक्ते म्हणून भरल्या गेल्यास ती व्यर्थ होय. सांगणाऱ्याचें नांव, त्याची बोली व त्याची संमति ह्यांसह त्या लिहिल्या गेल्या पाहिजेत. हळदीला ग्रंथकार लाभले होते. न लिहिलेल्या ज्ञानाला ते मिळवून देणें, हेंच त्या विजयाचें उरलेलें काम आहे.