उजवीकडची भिंत

आमच्या फोटोवाल्या मंडळींत सगळ्यात जास्त चालणारा शब्द म्हणजे 'अप्रतिम'. त्याच्या खालोखाल 'कडक'. सूर्यास्त दाखवा, अप्रतिम. दिवे घाटातली वारी दाखवा, अप्रतिम. सुरकुतलेल्या आजीचा ब्लॅक अँड व्हाइट क्लोजअप, क्लॅरिटीचा स्लायडर टोकाला नेऊन तिची कातडी झाडाच्या सालीसारखी केलेली, तरी अप्रतिमच. वर्षभर हे ऐकणाऱ्याचे फोटो वर्षानंतरही तसेच असतात.

दुसरा पंथ चुका काढणाऱ्यांचा, आणि मी त्यातला. होरायझन वाकडा आहे, हायलाइट्स गेलेत, रूल ऑफ थर्ड्स कुठाय? या पंथात शिरायला फार काही लागत नाही, आठ-दहा व्हिडिओ पुरतात. अप्रतिमवाल्यांना मी आळशी म्हणायचो. आता वाटतं, आम्ही दोघंही फोटो न बघताच बोलत होतो.

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी भेटतो, चहा पितो, एकमेकांचे फोटो बघतो. ग्रुपमधल्या सगळ्यात लहान मुलीने मला एकदा मधल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. लालबागच्या चाळीतली त्यांची खोली. डाव्या कडेला आई बोचक्यावर बसलेली, हातात चहाचा कप. उरलेली जवळपास सगळी फ्रेम म्हणजे निळ्या ऑइलपेंटची भिंत. मी लोकलमध्ये उभा, एका हाताने कडी धरलेली, बॅटरी वाचवायला ब्राइटनेस कमी केलेला. उत्तर लिहायला मला अर्धा मिनिटही लागला नसेल: 'उजवीकडे काहीच नाहीये. काप. आई जवळ येईल.'

तिने कापला. आई जवळ आली. रविवारी सगळे अप्रतिम म्हणाले आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आधीचा आणि नंतरचा फरक सगळ्यांना दाखवावा म्हणून (खरं तर माझा सल्ला किती बरोबर होता ते दाखवावं म्हणून) मी तिचा मूळ फोटो लॅपटॉपवर उघडला. भिंत रिकामी नव्हती. मधोमध पुरुषभर उंचीचा फिकट निळा चौकोन होता, वर्षानुवर्षं तिथे कपाट उभं होतं त्याचा. शेजारी देवघराचा छोटा चौकोन, वर धुराचा काळा डाग. दाराच्या चौकटीजवळ पेन्सिलच्या आडव्या रेघा, मुलांच्या उंचीच्या. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली होती आणि तो खोलीतला शेवटचा दिवस होता. फोटो आईचा नव्हताच, त्या भिंतीचा होता.

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"दादा, तू एवढी वर्षं फोटो काढतोयस. मला वाटलं, मी तिथे राहिलेय म्हणून मलाच ते दिसतंय."

मला त्या वेळी काही सुचलं नाही. पण तिच्या वाक्यात खरा प्रश्न होता. काढणाऱ्याला दिसतं ते बघणाऱ्याला दिसतंय का, हे तिला माझ्याकडून हवं होतं. मी तिला दिला निकाल. त्याऐवजी डोळा कुठून कुठे गेला तेवढंच सांगितलं असतं, की आधी कप दिसला, मग आई, मग उजवीकडे गेलो तर काही कळेना, तर तिने लगेच सांगितलं असतं की तिथे कपाट होतं. आणि मग आम्ही कामाचं बोललो असतो. कारण चूक होतीच: ते चौकोन फारच फिके आले होते. फोनचा एचडीआर अंधार उचलतो, उजेड दाबतो आणि भिंतीवरचे बारीक फरक सपाट करून टाकतो. कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून, निळा थोडा गडद करून ते बाहेर काढता आले असते. हे आता करण्यासारखं. एक्स्पोजर हाताने खाली ओढणं, वाइडवर माणसाच्या फार जवळ न जाता दोन पावलं मागे सरून टू-एक्सवर काढणं, हे पुढच्या वेळचं. खिडकी पांढरी फटक जळाली असेल तर जेपेगमध्ये ती परत येत नाही. ते एकदा सांगून सोडून द्यावं. आम्ही हे सगळं एकाच दमात फेकतो आणि समोरच्याला नेमकं काय करायचं तेच कळत नाही.

क्रॉपची चर्चा निघाली की कुणीतरी आंरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव काढतंच, तो म्हणे कापायच्या विरोधात होता. होता. पण १९३२ सालचा त्याचा पॅरिसमधला फोटो, सँ-लझार स्टेशनमागे पाण्यावरून उडी मारणारा माणूस, तो कापलेलाच आहे. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून तो काढला होता आणि एका बाजूला फळीच आडवी आली होती. त्याने कापली ती फळी. मी कापायला लावलं ते मूळ चित्रच.

म्हणून काय, भावना जपत गप्प बसायचं? नाही. सालीसारख्या आजींचा फोटो काढणाऱ्याला मी एका रविवारी विचारलं, यातल्या एकीचं तरी नाव तुला माहितीय का? प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. पण सात जणांसमोर विचारायला नको होता. तो त्यानंतर आलेला नाही.

त्या मुलीचं पुढे असं झालं की कापलेला फोटो तिने मूळ फाइलवरच सेव्ह केला होता. चाळ पडली. अख्खा फोटो उरला फक्त आमच्या चॅटमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेला. तिने त्याचीच आठ बाय बाराची प्रिंट काढली. भिंत जरा फुटलीय, कडा मऊ पडल्यात. नव्या घरात हॉलमध्ये लावलीय. परवा गेलो होतो.

"कसा वाटतोय?" तिने विचारलं.

मी बराच वेळ बघत राहिलो. "आधी देवघरावरचा काळा डाग दिसला," मी म्हणालो. "मग त्या रेघा. सगळ्यात वरची कुणाची?"