नसलेला उपसर्ग

आजचा विषय तसा शाळेतलाच आहे. शब्दाच्या आधी लागतो तो उपसर्ग, नंतर लागतो तो प्रत्यय. 'हार'ला 'प्र' लावला की प्रहार, 'आ' लावला की आहार, 'सं' लावला की संहार. हे तक्ते आपण सगळ्यांनी पाठ केलेत. आपल्या जुन्या जालन्यात तर मराठीच्या शेजारी उर्दू नांदली. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे बेफिकीर, गैरहजर, नाराज, दुकानदार हे शब्द परके वाटतच नाहीत. 'भांडखोर' बघा. भांडण आपलं, 'खोर' फारसी, आणि दोघांचं छान जमलंय.

या तक्त्यांचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. तक्ता शब्दाकडे बेरजेसारखा बघतो: इतका उपसर्ग, इतका मूळ शब्द, बरोबर इतका अर्थ. आपल्या परंपरेत हा प्रश्न इतका सोपा कधीच नव्हता. यास्कांच्या निरुक्तात सुरुवातीलाच वाद आहे. शाकटायन म्हणतात, उपसर्गाला सुटा अर्थ नसतो, तो दुसऱ्या शब्दाचा अर्थ फक्त उजळतो. गार्ग्य म्हणतात, नाही, उपसर्गाला स्वतःचे नाना अर्थ असतात. पण दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की उपसर्ग तिथे आहे. तो तिथे नसेलच तर?

'विधवा' हा शब्द घ्या. कुणालाही फोड विचारा. 'वि' म्हणजे गेलेला, 'धव' म्हणजे नवरा. नवरा गेलेली ती विधवा. चोख बेरीज. यास्कांनी या शब्दाच्या एकाहून जास्त व्युत्पत्त्या दिल्यात, त्यांत हीही आहे. मात्र आजचं तौलनिक भाषाशास्त्र वेगळं सांगतं. लॅटिनमध्ये 'विदुआ', इंग्रजीत 'विडो', रशियनमध्ये 'व्दोवा', आणि ऋग्वेदात 'विधवा'. ही सगळी एकाच जुन्या शब्दाची लेकरं. त्या शब्दाच्या मुळाशी वेगळं पडणं, उणं होणं असा अर्थ आहे. तिथे 'वि' हा उपसर्ग नाही आणि 'धव' नावाचा नवराही नाही.

मग 'धव' आला कुठून? लोकांनी 'विधवा' ऐकला, त्यांच्या कानाला तिथे 'वि' दिसला, तो काढला आणि उरला त्याला नवरा म्हटलं! मग त्या नवऱ्याला 'स' लावून 'सधवा' तयार झाली. पुढे देवांची नावंसुद्धा अशीच उलगडली गेली, 'माधव' म्हणजे लक्ष्मीचा पती. आधी बाईचं उणेपण, त्यातून नवरा, आणि नवऱ्यातून पुन्हा बाईची दोन खाती. शब्दाने समाज घडवला असं आपण म्हणतो. इथे समाजाने शब्दाच्या पोटात उपसर्ग घातलाय.

गंमत पुढे आहे. उर्दूत विधवेला 'बेवा' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, बेकार, बेघर, तशी बेवा. पण हा 'बे' तो नव्हे. 'बेवा' ही फारसीतली, आणि मूळ पाहिलं तर आपल्या 'विधवा'ची चुलत बहीण. म्हणजे दोन्ही भाषांत कानाला नकाराचा उपसर्ग ऐकू येतो, आणि दोन्हीकडे तो मुळात नाही.

आता पुरुषाकडे बघा. बायको गेलेला तो 'विधुर'. पण 'सधुर' कुणी ऐकलाय का? लग्नपत्रिकेवर छापलाय? कोशात 'वैधुर्य' सापडेल, पण ते कुणाला 'आलं' असं आपण म्हणत नाही. 'वैधव्य' मात्र येतं आणि ते भोगायचं असतं. हे काम प्रत्ययाचं. मृत्यू ही एका दिवसाची घटना. शेवटचा 'य' तिची जन्मभराची अवस्था करून टाकतो.

उलट बाजूही तपासू. 'सौभाग्यवती'ची फोड करा. सु, भग, य, वती. चांगलं भाग्य जिच्याजवळ आहे ती. यात नवरा कुठाय? कुठेच नाही. तरी तो गेला की 'सौ.' खोडलं जातं.

2023 च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा विचार मांडला. वाद झाला. हेतू सन्मानाचा असेल, पण व्याकरण काय सांगतं? भगीरथाला प्रत्यय लावून भागीरथी होते. नवऱ्याच्या नावातून बाईला सोडवायला निघालो आणि दुसऱ्या पुरुषाच्या नावाला नेऊन बांधलं. शिवाय नवरा नसलेल्या बाईसाठी वेगळी खूण हवीच, हे गृहीत तसंच राहिलं. त्याच्या आधी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ शासनाने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. मला हेरवाडचा रस्ता जास्त बरोबर वाटतो. त्यांनी शब्द नाही बदलला, वागणं बदलायला घेतलं.

आणखी एक उपसर्ग आपल्या अगदी जवळचा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना तुम्हाला माहीत आहे. 'निर्' अधिक 'आधार'. आपल्या मराठवाड्यात कर्जापायी शेतकरी जीव देतो. मागे राहिलेली बाई कापूस वेचते, सोयाबीन काढते, लेकरं शिकवते, सासूचं औषधपाणी बघते, वर देणेकऱ्याला तोंड देते. अख्खं घर तिच्या आधारावर उभं, आणि तहसीलच्या कागदावर ती निराधार! पैसे तिला मिळालेच पाहिजेत, तो तिचा हक्क आहे. पण त्या 'निर्'वर सही केल्याशिवाय हक्क पदरात पडत नाही, हे खटकायला नको का?

म्हणून शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे. तक्ता जरूर शिकवा. पण मुलगा 'वि अधिक धव' असं लिहून आणील, तेव्हा नुसती बरोबरची खूण करू नका. त्याला विचारा, बाळा, हा 'वि' शब्दात होता, की आपण लावला?