रीलमधलं फोंतेन्हास
सोलापुरात बसून पणजीच्या फोंतेन्हासवरच्या पंधरा-वीस ‘सोलो’ रील्स पाहिल्या. सगळ्यांत तेच: पिवळी भिंत, निळी खिडकी, टोपीवाली पाठ. तिथं राहणारं माणूस एकही नाही.

१८४३मध्ये राजधानी झालेल्या पणजीतली, आल्तिनो टेकडीच्या पायथ्याची ही वस्ती. पावसानं रंग उडतो, म्हणून पावसाळ्यानंतर भिंती रंगवायची जुनी रीत. म्हणजे तो रंग कुणाच्यातरी घरखर्चात बसतो. रीलमध्ये पाऊसच नसतो. ‘फोटो काढू नका’च्या पाट्याही फ्रेमबाहेर.

मी चार दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी मोबाईल वर धरला आणि एका आजींनी खिडकी लावून घेतली. माझ्या रीलमध्ये ती बंद खिडकी आहे. खाली मी लिहिलंय: ‘इथली शांतता’.