हसणे कोणाचे, सोंग कोणाचे?

कृष्णवर्णीयांचे जीवन दाखविले की ती कलाकृती कृष्णवर्णीयांची झाली, असे मानणारे समीक्षक अमेरिकेत होते. दलित जीवनावरच्या लेखनाविषयी तसेच बोलणारे आपल्याकडेही आहेत. अशांनी सीबीएसवर १९७४ ते १९७९ या काळात चाललेली ‘गुड टाइम्स’ ही विनोदी मालिका जरूर तपासावी.

मालिकेचे जनक एरिक माँटे आणि माइक इव्हान्स हे दोघेही कृष्णवर्णीय. माँटे शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत वाढलेला. निर्माता नॉर्मन लिअर मात्र गोरा, आणि लेखकवर्गही बहुतांशी गोरा. आईची, म्हणजे फ्लोरिडाची, भूमिका करणाऱ्या एस्थर रोल हिने एक अट घातली होती : या घरात बाप असलाच पाहिजे. बापाविना मोडके घर हेच कृष्णवर्णीयांचे चित्र, हे तिला मान्य नव्हते. म्हणून जेम्स आला. जॉन अॅमॉसने तो उभा केला.

आरंभीचे भाग कसदार आहेत. एका भागात थोरला मुलगा जे. जे. येशूचे चित्र काढतो, तो काळा असतो आणि त्याचा चेहरा वस्तीतल्या एका दारुड्याचा असतो. दुसऱ्या भागात धाकटा मायकेल बुद्ध्यांक चाचणी अर्धवट सोडून निघून येतो. कपाबरोबर काय जाते, या प्रश्नाला त्याच्या मित्राने ‘टेबल’ असे उत्तर दिलेले असते, कारण त्याच्या घरी बश्याच नाहीत. (कपबशी म्हटल्यावर आपल्या वाचकाला काय आठवेल, ते सांगायला नको.) एवढ्या एका उत्तरात ज्ञान कोणाच्या घरातले मोजले जाते, हे उघडे पडते. माझ्या मते मालिकेचा खरा विद्रोह येथे आहे.

मग ‘डायनामाइट!’ आले. जे. जे. झालेल्या जिमी वॉकरने हा शब्द प्रत्येक भागात उच्चारावा, असा आग्रह दिग्दर्शक जॉन रिच याचा. प्रेक्षक खिदळले आणि लेखण्या त्याच्याकडे वळल्या. रोलने १९७५ मध्ये ‘एबनी’ मासिकात याविरुद्ध जाहीर तक्रार केली. अॅमॉस लेखकांशी भांडत राहिला. ब्लॅक पँथरचे तिघे जण तर लिअरच्या कचेरीत येऊन थडकले. काळा बाप सदा पोटापाण्यासाठीच का धावतो, असा त्यांचा जाब होता. ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, तेच हे पँथर.

विनोदाला माझा विरोध नाही. तमाशातला सोंगाड्याही हसवतो. पण त्याची जीभ पाटलावर चालते. जे. जे.ची थट्टा स्वतःच्याच घरावर उलटली.

अॅमॉसला काढले गेले. १९७६ मध्ये जेम्स मिसिसिपीत मोटार अपघातात मारला गेला. जो बाप रोलने भांडून मिळविला, त्याच्याच मरणाचा अभिनय तिच्या वाट्याला आला. दोन भाग फ्लोरिडा रडत नाही. पाहुणे गेल्यावर एकटी आवरताना काचेचे भांडे जमिनीवर आपटते आणि फुटते. तो प्रसंग आजही सुन्न करतो. तेथे कोणाला हसू येत नाही.

पुढच्या हंगामात रोलही मालिका सोडून गेली. १९७८ साली परतली, तीही जे. जे. सुधारला पाहिजे या अटीवर. शेवटच्या भागात सगळ्यांचे नशीब अर्ध्या तासात उघडते आणि कुटुंब वस्ती सोडते. कॅब्रिनी-ग्रीनची शेवटची उंच इमारत पाडली गेली ती २०११ साली.